व्हिडिओ संपल्याचे वेबपानाला कसे कळते : पार्श्वभूमी

व्हिडिओ पाहून झाल्यावर पुढचा धडा उघडायचा असेल किंवा प्रश्नावली दाखवायची असेल, तर व्हिडिओ संपला हे वेबपानाला आधी कळावे लागते. आज ब्राउझरची ‘एंडेड’ ही सूचना ऐकली की बहुतेक वेळा काम भागते. परंतु ‘संपणे’ कशाला म्हणावे याची सर्वांना सारखी लागू होणारी व्याख्या वेबला फार उशिरा मिळाली.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राउझर स्वतः व्हिडिओ दाखवत नसे. रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया प्लेअर यांची प्लग-इन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे पूरक प्रोग्राम, पानातील एक चौकोन ताब्यात घेत आणि आत काय चालले आहे हे बाहेर कोणत्या शब्दांत कळवायचे, हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवी. विंडोज मीडिया प्लेअरच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये माध्यम संपल्याच्या अवस्थेचा क्रमांक ८ होता; इतर प्लेअरांच्या लेखी त्या आठाला काही अर्थ नव्हता.

२००२ साली फ्लॅश प्लेअर या आणखी एका प्लग-इनच्या सहाव्या आवृत्तीत व्हिडिओची सोय आली आणि खरी गुंतागुंत तेथे सुरू झाली. फ्लॅशमधील ‘नेटस्ट्रीम’ हा घटक प्रवाह थांबल्याचे कळवी. मात्र सर्व्हरवरून प्रवाह येत असेल, तर त्याचा अर्थ सर्व्हरने माहिती पाठवणे संपवले एवढाच असे, आणि बफरमध्ये, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यात, असलेले शेवटचे काही सेकंद प्रेक्षकाने अजून पाहिलेले नसत. बफर रिकामा झाल्याची सूचना वेगळी होती, पण जोडणी मंदावली की ती व्हिडिओच्या मध्यातही येई. त्यामुळे आधी थांबल्याची सूचना आली आणि त्यानंतर बफर रिकामा झाला, तरच शेवट मानायचा, असा तर्क प्रोग्रामरांना स्वतः रचावा लागे. केवळ पहिल्या सूचनेवर विसंबून पुढचा व्हिडिओ लावला, तर आधीच्या व्हिडिओतील शेवटचे वाक्य तुटे. प्रेक्षकाला तो निष्काळजीपणा वाटत असणार, पण पाठवून होणे आणि पाहून होणे या दोन घटना एकच मानल्याचा तो परिणाम होता.

२००५ च्या फ्लॅश ८ मध्ये वेबपानातील प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टशी थेट बोलण्याचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूट्यूबने पुढे आपल्या प्लेअरच्या अवस्थांना क्रमांक दिले : ० म्हणजे संपला, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थांबवला, ३ म्हणजे बफरिंग. फ्लॅश गेले तरी हे क्रमांक यूट्यूबच्या आयफ्रेम प्लेअरमध्ये (इतर पानांत बसवायच्या प्लेअरमध्ये) अद्याप टिकून आहेत.

फेब्रुवारी २००७ मध्ये ऑपेरा या ब्राउझरच्या कंपनीने व्हिडिओसाठी स्वतंत्र टॅगचा, म्हणजे पानाच्या संहितेतील खुणेचा, प्रस्ताव मांडला. फायरफॉक्स ३.५ मध्ये तो टॅग २००९ साली आला, इंटरनेट एक्स्प्लोररच्या नवव्या आवृत्तीत २०११ साली. हा टॅग असलेल्या एचटीएमएल५ या वेबपानांच्या मानकाला डब्ल्यू३सी या मानके ठरवणाऱ्या संस्थेची अंतिम मान्यता ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली. प्लेअर पुढच्या दिशेने चालत माध्यमाच्या टोकाला पोहोचला असेल आणि ‘लूप’ (पुन्हा पहिल्यापासून चालवणे) लावलेला नसेल, तर ‘एंडेड’ येते, हे आता लेखी ठरले. त्याच्या आधी ‘पॉज’ची सूचना येते, हा क्रम ठाऊक नसलेला प्रोग्राम प्रेक्षकाने व्हिडिओ मध्येच थांबवला अशी चुकीची नोंद करतो. चालू वेळ आणि एकूण लांबी समान झाली का हे ‘टाइमअपडेट’ या चालू वेळ बदलल्याच्या सूचनेत तपासण्याची जुनी सवय मात्र सुटायला वेळ लागला; ती सूचना दर १५ ते २५० मिलिसेकंदांनी येते आणि दोन दशांश संख्या तंतोतंत जुळतीलच असे नसते.

ही व्याख्या प्लेअरच्या स्थानाविषयी आहे, पाहणाऱ्याविषयी नाही, आणि हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रेक्षकाने पट्टी ओढून थेट शेवट गाठला तरी ‘एंडेड’ येऊ शकते; खरोखर कोणते भाग चालले हे जाणायचे असेल, तर त्याच मानकातील ‘प्लेड’ हा गुणधर्म पाहावा लागतो.

२०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स या मानकामुळे पानातील जावास्क्रिप्टच व्हिडिओचे तुकडे प्लेअरला पुरवू लागली. तेथे ‘एंड-ऑफ-स्ट्रीम’ असे स्वतः सांगितले नाही, तर शेवटचा तुकडा चालून झाल्यावरही प्लेअर पुढच्या तुकड्याची वाट पाहत थांबतो आणि ‘एंडेड’ येत नाही.