लंडन–पॅरिस : हवाई अंतर व उड्डाणकाळ

लंडन आणि पॅरिस या शहरांच्या मध्यवर्ती भागांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ३४४ किमी. (१८६ सागरी मैल) आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठावरील सर्वांत आखूड वाटेने, म्हणजे बृहद्‌वृत्तावरून मोजतात. विमानतळ बदलला की आकडाही बदलतो : लंडनच्या हीथ्रो ते पॅरिसच्या शार्ल द गोल ३४८ किमी., हीथ्रो ते पॅरिसच्याच ऑर्ली सुमारे ३६७ किमी., तर लंडनच्या गॅटविक ते शार्ल द गोल जेमतेम ३०८ किमी.

ताशी ८०० किमी. वेगाने हे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापले जावे. वेळापत्रकात मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ दिसतो. वेळापत्रकातली वेळ विमान फलाटावरून मागे ढकलले जाते तेव्हापासून ते दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेतला काळ साधारण ४५ ते ५० मिनिटे. मार्ग इतका आखूड की चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते, त्यामुळे पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. उरलेली मिनिटे जमिनीवर जातात : हीथ्रोला उड्डाणाची रांग, शार्ल द गोलला चार समांतर धावपट्ट्या व इमारती यांच्यामधली लांबलचक रपेट.

पॅरिसहून लंडनला येताना पश्चिमेचा वारा समोरून लागतो, पण त्याने दोन-चार मिनिटांचाच फरक पडतो. खरा खोळंबा हीथ्रोच्या आकाशात होतो. बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन आणि ऑकम या चार ठिकाणी विमानांना उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालाव्या लागतात. एक फेरी सुमारे ४ मिनिटांची. धुके पडले की दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते आणि घिरट्याही वाढतात.

पॅरिसचे घड्याळ वर्षभर लंडनच्या १ तास पुढे असते. उन्हाळी वेळेचा बदल दोन्हीकडे एकाच क्षणी होतो. म्हणून सकाळी १०ला निघालेले विमान पॅरिसला १२.२०ला पोहोचते, तर दुपारी १ला परत निघालेले लंडनला १.२०लाच पोहोचलेले दिसते. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करणारे इथे हमखास फसतात.

या मार्गावरील नियमित दैनिक विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथ ते पॅरिसजवळच्या ल बूर्जे अशी सुरू झाली. तेव्हा सुमारे अडीच तास लागत. आज स्पर्धा आहे ती रेल्वेशी. लंडनचे सेंट पँक्रस ते पॅरिसचे गार द्यू नोर या स्थानकांमधला ४९२ किमी.चा लोहमार्ग यूरोस्टार सर्वांत जलद फेरीत २ तास १६ मिनिटांत कापते, तेही थेट शहराच्या मध्यात. विमानाच्या सव्वा तासात तपासणी, प्रतीक्षा आणि शार्ल द गोलहून शहरात यायचा अर्धा-पाऊण तास मिळवला, तर पुढचे विमान पकडायचे नसलेल्याला रेल्वेच सोयीची. भारतीय पारपत्रधारकाला दोन्ही साधनांसाठी ब्रिटनचा व शेंगेनचा (फ्रान्ससह अनेक यूरोपीय देशांचा सामाईक) असे वेगवेगळे व्हिसा लागतात.

अंतराला कायद्यातही महत्त्व आहे. यूरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात भरपाई बृहद्‌वृत्तीय अंतरावरून ठरते : १,५०० किमी.पर्यंत २५० यूरो. विमान ३ तास किंवा अधिक उशिरा पोहोचल्यास ती मागता येते. उशीर खराब हवामानामुळे झाला असल्यास सहसा मिळत नाही. पोहोचण्याची वेळ चाके टेकल्याची नव्हे, तर विमानाचा दरवाजा उघडल्याची धरतात.