गाडीच्या छताचं कापड लोंबतंय? स्प्रे मारायच्या आधी हे वाचा

"छताचं कापड सुटलंय, जरा स्प्रे मारून चिकटवून द्या, मी थांबतो." हे आम्हाला सारखं ऐकायला मिळतं. आणि दुसरे ग्राहक येतात त्यांनी स्प्रे घरीच मारलेला असतो, आठ-पंधरा दिवस टिकतो, मग एक दिवस गाडी उन्हात राहते आणि छताला परत पोट येतं, वर कापडावर पिवळट डाग. दोघांनाही आम्ही तेच सांगतो, म्हणून चिपळूण आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांसाठी एकदा नीट लिहून काढलंय. गाडीचं काम नसेल तरी वाचून ठेवा, कधीतरी लागेलच.

आधी छतात काय असतं ते बघा. वर पत्रा, त्याच्या खाली साच्यातून काढलेला एक पुठ्ठा, त्याला आमच्याकडे शेल पण म्हणतात, आणि त्या पुठ्ठ्यावर कापड. पण कापड पुठ्ठ्याला थेट चिकटलेलं नसतं, कापडाच्या पाठीला तीनेक मिलिमीटरचा पातळ फोम असतो आणि तो फोम पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतं, छताजवळ तर जास्तच, आणि त्यात आपली कोकणातली दमट हवा. उष्णता आणि ओल दोन्ही मिळून हा फोम आतून सडवतात, साधारण आठ-दहा वर्षांत त्याची पूड व्हायला लागते. लोक म्हणतात सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, सुटलं, पण बहुतेक वेळा सोल्युशन पुठ्ठ्यावर जागच्या जागी असतं, सुटलेला असतो तो मधला फोम, अर्धा पुठ्ठ्यावर राहतो आणि अर्धा कापडाच्या पाठीवर.

आता अशा ठिकाणी कापडाच्या आत नळी घालून स्प्रे मारला तर तो चिकटणार कशाला? पुडीला. पोपडे आलेली भिंत न खरवडता रंग मारला की रंग पोपड्याला धरतो, भिंतीला नाही, आणि पोपड्याबरोबर खाली येतो, तसंच हे. कॅन कितीही महागाचा घ्या, पूड काढल्याशिवाय काहीही टिकत नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं. कापड जिथे सुटलंय तिथली कड हलकेच खाली ओढा आणि कापडाच्या पाठीवरून बोट फिरवा. बोटाला पिवळी-नारिंगी पूड लागली किंवा चिकट गाळ लागला तर फोम गेला, पूर्ण काम करावं लागेल. पूड नाही, फोम दाबल्यावर परत वर येतो आणि फक्त कडेला, दरवाज्याच्या बीडिंगपाशी (कडेच्या रबरी पट्टीपाशी) चार बोटं सुटलंय, तर ते तुम्ही स्वतः करू शकता, आमच्याकडे यायची गरज नाही. चांगलं सिंथेटिक रबरवालं सोल्युशन घ्या, पुठ्ठ्याला आणि फोमला दोन्हीकडे ब्रशने अगदी पातळ लावा, थोडं सुकू द्या, मग दाबा. जास्त लावलं तर ते फोममधून झिरपून कापडावर उमटतं आणि तो डाग जात नाही. सुताराचा पांढरा फेविकॉल इथे चालत नाही, तो पाण्यातला आहे, इथे नीट सुकतच नाही. आणि फेविक्विक तर कृपा करून नको, कापडाचा तेवढा भाग कडक होतो आणि खालून पांढरा चट्टा दिसतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. फोम गेलेला असेल तर आमच्याकडे आणायच्या आधी आत काहीही मारू नका. न छेडलेलं छत आलं की आम्ही पुठ्ठा बाहेर काढतो, जुनं कापड हाताने सोलतो, उरलेली पूड नायलॉनच्या ब्रशने झाडतो आणि व्हॅक्यूमने ओढून घेतो, तासाभरात पुठ्ठा साफ. पण त्याच पुडीत स्प्रे मुरला असेल तर त्याची कडक खपली होते, ती ब्रशने निघत नाही, पत्रीने थोडी थोडी खरवडावी लागते आणि खरवडताना पुठ्ठ्याचा वरचा थरच बरोबर निघून येतो. मग तिथे खड्डे. खड्डे भरायचे, सुकवायचे, घासून सारखे करायचे, तेव्हा कापड लागणार. अर्धा दिवस त्यातच जातो आणि पुठ्ठा फारच फाटला तर तो बदलावा लागतो, जुन्या मॉडेलचा तर मिळतही नाही. म्हणून आधी स्प्रे मारलेल्या छताची मजुरी आम्ही जास्त घेतो. काहींना ते पटत नाही, पण काढलेला पुठ्ठा आम्ही समोर ठेवून दाखवतो, तुम्हीच हात लावून बघा.

एक प्रकार तर खरंच काळजीचा आहे. कडेने सोल्युशन ओतून पुठ्ठाच पिलरच्या, म्हणजे काचांमधल्या खांबांच्या, प्लास्टिकला चिकटवलेल्या गाड्या येतात. ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग आहेत त्यांच्या एअरबॅग दरवाज्यांच्या वर ह्याच कडेच्या आत गुंडाळलेल्या असतात, अपघातात त्यांना ही कड ढकलून खाली यायचं असतं. पुठ्ठा आणि पिलरच्या मध्ये गोंद नको, स्क्रू तर अजिबातच नको. एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून आम्ही अशा गाडीत आधी बॅटरीची वायर काढतो, थोडा वेळ थांबतो आणि मगच पिलरला हात लावतो, ते बघून कोणी म्हणतं वेळ काढताय, पण त्यात आम्ही घाई करणार नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न, यूट्यूबवर अर्ध्या तासात होतं मग तुम्ही गाडी दोन दिवस का ठेवता. छत काढायचं म्हणजे सन व्हायझर, पकडायची हँडल, केबिन लाइट, सगळ्या पिलरचं प्लास्टिक, दरवाज्यांची बीडिंग एवढं सगळं आधी उतरवायचं, पुढच्या सीट आडव्या करायच्या आणि अख्खा पुठ्ठा न वाकवता डिकीतून किंवा पुढच्या दरवाज्यातून बाहेर काढायचा, कारण एकदा मुडपला की ती रेघ नव्या कापडातूनही दिसते. मग नवं कापड, पाठीला फोम असलेलंच. जुनं कापड धुऊन परत लावा असं काही जण सांगतात, पण त्याचा फोम गेलेला असतो आणि फोमशिवाय पुठ्ठ्याचा प्रत्येक खडबडीतपणा खालून दिसतो.

सोल्युशन आम्ही कॉम्प्रेसरच्या गनने मारतो, पुठ्ठ्यावर आणि फोमवर दोन्हीकडे, एकदा आडवं एकदा उभं, साधारण वीतभर अंतरावरून. जवळून मारलं की ठिपके पडतात आणि फोम भिजतो. मग थांबायचं. बोटाची मागची बाजू लावून बघायची, चिकट लागलं पण तार सुटली नाही की वेळ झाली. ओलं असताना चिकटवलं तर सोल्युशनमधलं उडून जाणारं सॉल्व्हंट आत अडकून राहतं आणि पहिल्याच उन्हात तिथे फुगा येतो, घरी केलेल्या कामात निम्मी गडबड इथेच होते. कापड अर्धं दुमडून ठेवायचं, मधून सुरुवात करून तळहाताने बाहेरच्या बाजूला दाबत जायचं, आणि जिथे खोलगट भाग आहे, लाइटपाशी, व्हायझरपाशी, तिथे कापड ताणायचं नाही, बोटांनी आत बसवायचं. ताणून बसवलेलं कापड पहिल्या दिवशी सुरेख दिसतं पण खोलगट भागातून आधी तेच सुटतं. शेवटी कडा इंचभर मागे वळवायच्या आणि रात्रभर ठेवायचं.

पावसाळ्यात तिसरा दिवसही लागू शकतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्या सोल्युशनवर बसतं, पांढुरकी साय येते आणि पकड राहत नाही. म्हणून जोराचा पाऊस असला की आम्ही हॅलोजन लावून खोली गरम केल्याशिवाय गन हातात घेत नाही.

छतावर तपकिरी ओघळ असेल तर तो कापडाचा आजार नाही, पाणी कुठून तरी येतंय. सनरूफवाल्या गाडीत कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यात पाचोळा अडकला की पाणी छतात उतरतं. शिवाय ॲन्टेनाचं रबर, रूफ रेलचे बोल्ट, पुढच्या काचेचं सील. आधी गळती काढायची मगच कापड, नाहीतर पैसे पाण्यात. २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं तर वेगळंच आहे, तो पुठ्ठा एकदा भिजून मऊ पडला असेल तर त्याच्यावर नवं कापड घालून उपयोग नसतो, अशी गाडी सेकंडहँड घेत असाल तर छत वरच्या बाजूला हलकं दाबून बघा.

अँबॅसिडर किंवा पद्मिनीवाले पण विचारतात. त्यांचं छत पुठ्ठ्याचं नाही, तारांवर टांगलेलं रेक्झिन असतं, ते शिवून ताणून बसवायचं काम आहे. ते पण करतो, फक्त गाडी आधी दाखवा.

आमच्याकडे नंबर लागेपर्यंत कापड डोक्याला लागत असेल तर फिरकीच्या किंवा साध्या बोर्डपिना टोचा, फक्त एअरबॅगच्या कडेला नको, बाकी काही बिघडत नाही, कापड तसंही जाणारच आहे. मागच्या काचेतून दिसत नसेल तर लोंबणारा भाग सरळ कापून टाका, मास्क लावून, ती पूड डोळ्यात आणि नाकात जाते. पुठ्ठ्यावर उरलेली पूड घासू नका, ओलं फडकं लावू नका, ते आमच्यावर सोडा. आणि कोणी स्प्रेचा कॅन आणून डिकीत ठेवला असेल तर आजच काढा, त्या कॅनवरच लिहिलेलं असतं की पन्नास अंशांच्या वर ठेवू नका, बंद गाडीत मारलात तर वासाने गरगरतं आणि ठिणगीने पेटूही शकतं.

दर गाडीच्या साइजवर आहे. लहान गाडीला दीड मीटर पन्ह्याचं दोनेक मीटर कापड लागतं, सात सीटरला जास्त. तुटलेल्या क्लिपा वेगळ्या धरतो, जुन्या गाडीत त्या तुटतातच, त्याचा राग धरू नका. छत उतरलेलंच असतं तेव्हा वरच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट लावून घ्यायची असेल तर तेव्हाच सांगा, पावसाचा टपटप आवाज बराच कमी होतो आणि काढण्या-बसवण्याची मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. पिलरचं कापडही त्याच थानातलं घेतलं तर रंग जुळतो, नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

गणपतीसाठी मुंबईहून येणाऱ्यांनी निदान पंधरा दिवस आधी फोन करून नंबर लावा, गणपतीच्या आठवड्यात आम्ही नवीन छत उघडत नाही. कापडाचे नमुने काउंटरवर ठेवलेत, आपल्या गाडीत नेऊन दिवसाउजेडी लावून बघा, ट्यूबलाइटखाली रंग वेगळा दिसतो.