ईमेल प्रोग्राममधील उजळ-गडद थीमचा आपोआप बदल

संगणकावरील ईमेल प्रोग्राम दिवसा पांढऱ्या आणि रात्री काळ्या पार्श्वभूमीवर, दरवेळी सेटिंगमध्ये न शिरता, आपणहून जाण्याची सोय. थंडरबर्ड, आउटलुक आणि ॲपल मेल या तिन्हींत ती मिळते. मात्र यांपैकी एकही प्रोग्राम स्वतः घड्याळ पाहत नाही. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोज, मॅक किंवा लिनक्स) उजळ आहे की गडद, एवढेच तो विचारतो आणि तिच्या मागे जातो. त्यामुळे बिघाड शोधताना तीन थर वेगळे धरावे लागतात: सिस्टिम, प्रोग्रामची चौकट (मेनू, याद्या, बटणे) आणि उघडलेल्या पत्राचा मजकूर. बऱ्याच तक्रारी तिसऱ्या थराच्या असतात आणि लोक दुरुस्ती पहिल्या थरात करत बसतात.

मॅकमध्ये गडद रूप २०१८ च्या मोहावे या आवृत्तीत आले आणि ‘ऑटो’ हा पर्याय २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत. सिस्टिम सेटिंग्जमधील ‘अपिअरन्स’मध्ये तो निवडला की काम झाले. सूर्य मावळला तरी पडदा लगेच बदलत नाही, कारण किमान मिनिटभर कीबोर्ड-माऊसला हात न लागण्याची मॅक वाट पाहू शकतो. व्हिडिओ चालू असेल, तर आणखी खोळंबतो. याला बिघाड समजू नये. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये ६.५ या आवृत्तीपासून ही सोय अंगचीच आहे. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ‘नाइट थीम स्विचर’ हे एक्स्टेन्शन (जोडसाधन) लागते.

विंडोजची गोष्ट लांबलेली आहे. ॲप्ससाठी गडद मोड २०१६ मध्ये आला, पण वेळापत्रक आले नाही. ती उणीव ‘ऑटो डार्क मोड’ हे मोफत साधन भरून काढते. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातही त्याच कामाचे ‘लाइट स्विच’ दाखल झाले. बाहेरचे काही टाकण्यास मनाई असलेल्या कार्यालयात टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारे विंडोजचे अंगचे साधन, उरतो. त्यात सकाळचे एक आणि संध्याकाळचे एक अशी दोन कामे लावून रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतील) ‘ॲप्स यूज लाइट थीम’ ही नोंद १ (उजळ) किंवा ० (गडद) करायची. अशा बदलाची वर्दी चालू प्रोग्रामांपर्यंत पोहोचतेच असे नाही. आउटलुक अर्धवट रंगलेले दिसले, तर ते बंद करून पुन्हा उघडावे.

गोव्यात या पद्धतीची खरी अडचण पावसाळ्यात कळते. टास्क शेड्युलरच्या प्रत्येक नव्या कामावर ‘संगणक विजेवर असेल तरच सुरू करा’ ही अट आधीपासून लागलेली असते. नेमकी संध्याकाळी सातला वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की काम चुकते आणि रात्रभर पांढरा पडदा डोळ्यांवर येतो. ‘कंडिशन्स’मधील ती खूण काढावी आणि ‘सेटिंग्ज’मध्ये ‘चुकलेले काम शक्य तितक्या लवकर चालवा’ ही खूण करावी. दोन्ही केल्याशिवाय उपयोग नाही: पहिलीने बॅटरीची अडचण सुटते, दुसरीने संगणक बंद असल्याची.

सूर्यास्तावर बदल लावावा की ठरावीक वेळेवर? पणजीत वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सहाच्या सुमारास असतो आणि सर्वांत उशिराचा जुलैच्या आरंभी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. म्हणजे फरक साधारण तासाभराचा, आणि घड्याळ मागेपुढे करण्याची भानगड भारतात नाही. एवढ्यासाठी संगणकाला आपले ठिकाण कळवत बसण्याची गरज नाही. सायंकाळी ७ आणि सकाळी ७ या वेळा बहुतेकांना पुरतात. उलट, वाय-फाय नसलेला टेबलावरचा संगणक ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखतो. तो मुंबई समजला तर काही मिनिटांचा फरक पडेल, पण लंडनच्या कंपनीच्या व्हीपीएनवर (इंटरनेट तिथूनच जोडल्यासारखे दाखवणाऱ्या खासगी जोडणीवर) काम करणाऱ्या म्हापशातील माणसाचा जूनमधला ‘सूर्यास्त’ आपल्या घड्याळात रात्री पावणेदोन-दोनला होतो.

मिरामार, दोनापावल किंवा किनाऱ्यावरच्या कोणत्याही पश्चिमेकडच्या बल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत) बसणाऱ्याने वेळ थोडी पुढेच ढकलावी. मावळतीचे ऊन थेट पडद्यावर येते तेव्हा काळ्या पडद्यात अक्षरांऐवजी आपलाच चेहरा दिसतो. सूर्यास्तानंतर वीस मिनिटे ही सवलत पुरेशी आहे. आषाढात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात, ते मात्र कोणत्याही वेळापत्रकाला कळत नाही. त्या दिवसांत हाताने बदल करावा, किंवा पडद्याचा उजेड कमी करावा.

प्रोग्रामच्या चौकटीचे काम थोडक्यात आटोपते. थंडरबर्डमध्ये ‘ॲड-ऑन्स अँड थीम्स’मध्ये ‘सिस्टिम थीम – ऑटो’ चालू असावी. एखादी रंगीत थीम लावलेली असेल, तर ती सिस्टिमकडे पाहत नाही. कॉन्फिग एडिटरमध्ये (थंडरबर्डच्या आतल्या सेटिंगांच्या यादीत) कधीकाळी ‘यूआय.सिस्टिमयूजेसडार्कथीम’ लिहून ठेवले असेल, तर तेच शेवटचा शब्द ठरते. नोंद पुसावी. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये ‘फाइल’मधून ‘ऑफिस अकाउंट’ला जाऊन ‘ऑफिस थीम’ची निवड ‘यूज सिस्टिम सेटिंग’ करावी.

खरा घोळ पत्राच्या मजकुरात आहे. साध्या मजकुराच्या पत्राला स्वतःचा रंग नसतो, म्हणून ते कुठेही नीट दिसते. एचटीएमएल पत्रात, म्हणजे रंग-चित्रांनी सजवलेल्या पत्रात, मात्र पाठवणाऱ्याने रंग ठरवलेले असतात. वर्डमधून उचलून चिकटवलेल्या परिपत्रकात अक्षरांना ‘काळा’ असा स्पष्ट हुकूम असतो, पण कागदाला ‘पांढरा’ असा नसतो. मग काळ्यावर काळे होते आणि पत्र कोरे आल्याची ओरड होते. सहीखालचे बोधचिन्ह पारदर्शक चित्र असेल आणि अक्षरे गडद, तर तेही गडप होते. चिन्हाभोवती पातळ पांढरी कड ठेवली की प्रश्न मिटतो. रात्री लिहिताना अक्षरांना हाताने पांढरा रंग देणे ही याचीच उलटी बाजू: दिवसा वाचणाऱ्याला पांढऱ्यावर पांढरे मिळते. अक्षरांचा रंग ‘ऑटोमॅटिक’वरच ठेवावा.

प्रोग्राम यावर रंग उलटवून तोडगा काढतात, तो कधी बसतो, कधी फसतो. आउटलुकमध्ये पत्रापुरता रंग पालटण्यासाठी सूर्य-चंद्राचे बटण आहे. ॲपल मेलच्या ‘व्ह्यूइंग’ सेटिंगमध्ये पत्रांना गडद पार्श्वभूमी देणारी खूण काढता येते. जिल्हा कार्यालयांची रंगीत तक्ते असलेली पत्रे रोज येत असतील, तर चौकट गडद आणि मजकूर उजळ ठेवणे हाच शहाणा मार्ग.

देवनागरीसाठी एक वेगळी काळजी. काळ्यावर पांढरी अक्षरे किंचित पसरल्यासारखी दिसतात. दृष्टिदोष असलेल्यांना जास्तच. रोमन लिपीला ते खपते, पण देवनागरीत अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो आणि ‘ध’ व ‘घ’ यांतला फरक पुसट होतो. शुद्ध काळ्याऐवजी गडद करडी पार्श्वभूमी, मळकट पांढरी अक्षरे आणि नेहमीपेक्षा एक-दोन पॉइंट मोठा टाइप ठेवावा. विंडोजवर मंगल या फॉन्टपेक्षा निर्मला यूआय अधिक स्वच्छ दिसतो. थंडरबर्डमध्ये आकार वाढवताना फॉन्ट सेटिंगमध्ये ‘देवनागरी’ ही लिपी वेगळी निवडावी लागते. ‘लॅटिन’चा आकडा कितीही वाढवला तरी मराठी पत्रांची अक्षरे तेवढीच राहू शकतात.