सामाजिक आकलनाचे ऑनलाइन प्रशिक्षण

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) असलेल्या व्यक्तीला समोरच्याचे हावभाव, आवाजातला सूर, बोलण्याचा रोख आणि हेतू ओळखता यावा म्हणून संगणकावरून किंवा मोबाइलवरून करून घेतला जाणारा सराव. हा औषधाला पर्याय नाही. औषधे चालू ठेवून त्यांच्या जोडीने करायचा असतो. भास आणि संशय औषधांनी आटोक्यात आले, तरी चार माणसांत वावरणे लगेच जमते असे नाही. नोकरी टिकणे आणि संबंध टिकणे या आकलनाशी बरेच निगडित असते, असे अभ्यासांत दिसले आहे.

अभ्यासक सामाजिक आकलनाचे सहसा चार भाग करतात : भावना ओळखणे, प्रसंगातले संकेत टिपणे, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणे आणि घडल्या गोष्टीचे कारण ठरवणे. टपरीवर चौघे हसले की ते आपल्यालाच हसले असे वाटणे, ही चौथ्या भागातली गफलत.

आधी हे प्रशिक्षण समोरासमोर, गटात होत असे. डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आखलेली ‘स्किट’ ही त्यातली परिचित पद्धत. ऑनलाइन प्रकारात ‘सोशलव्हिल’ या सराव-कार्यक्रमाचे नाव पुढे येते. पडद्यावर चेहरा क्षणभर दिसतो, नाहीसा होतो, मग त्यावरचा भाव निवडायचा. उत्तरे बरोबर येऊ लागली की चेहरा आणखी कमी वेळ दिसतो. चुकू लागली की वेळ वाढतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्या १७ तरुणांनी सुमारे २४ तासांचा सराव केला. पुढच्या मोठ्या चाचणीत तुलनेसाठी दुसऱ्या गटाला साधे संगणकीय खेळ दिले होते. आकलनाच्या चाचण्यांत सराव करणारे पुढे गेले, पण रोजच्या व्यवहारातील कौशल्यात तसा ठळक फरक पडला नाही. जाहिरातीत ही दुसरी गोष्ट सहसा नसते.

कोकण किनाऱ्यावर पहिली अडचण रेंजची. खाडीकाठच्या वाडीतून सड्यावर चढल्याशिवाय व्हिडिओ चालत नाही, पावसाळ्यात वीज जाते, आणि घरातला एकच स्मार्टफोन मुंबईच्या चाकरमान्याच्या कॉलसाठी मोकळा ठेवावा लागतो. सराव आधी डाउनलोड करून घेता आला, तर हे निभावते. मजकुराची अडचण मात्र त्याने सुटत नाही. परदेशी चेहऱ्यांवर आणि सरळसोट इंग्रजी संवादांवर घोटवलेली नजर गावात कितपत उपयोगी पडणार? इथे आडून बोलण्याची रीत आहे. घरधनी पाहुण्याला विचारतो, “शेवटची एसटी साडेसहाक ना रे?” प्रश्न वेळापत्रकाचा नसतो, उठायची वेळ झाली, एवढेच त्याला सुचवायचे असते. असे प्रसंग मालवणीत ध्वनिमुद्रित करून सरावात घालायला हवेत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत भारतीय परिस्थितीला धरून ‘सोक्रॅटिस’ ही सामाजिक आकलनाची चाचणीमाला तयार झाली आहे. तिच्यातून मोजमापाची सोय होते, रोजच्या सरावाची नाही.

आणखी एक पेच कारण ठरवण्याच्या भागात येतो. आजार सुरू झाल्यावर पुष्कळ घरांत ‘बाहेरचं काही’ असल्याचे मानून देवाला गाऱ्हाणे घातले जाते, कधी भाऊबंदांवर करणीचा संशयही येतो. मग शेजारी वाईटावर आहे हा समज एकट्या रुग्णाचा राहत नाही, घरादाराचा होतो. पडद्यावरचा धडा सांगतो, “दुसरी काय कारणं असू शकतील, शोधा”, आई म्हणते, “कारण माहीतच आहे.” म्हणून घरच्या एका माणसाला सुरुवातीपासून सरावात बसवणे फायद्याचे, तेही कोणाच्या श्रद्धेची टवाळी न करता.

मानसिक उपचारांसाठी रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मराठीत समुपदेशन मिळते. मात्र तो सल्ला झाला. वर सांगितलेला सराव नव्हे. संशय बळावलेला असताना हा सराव सुरू करत नाहीत, कारण पडद्यावरचे रोखून पाहणारे चेहरेच त्या वेळी धास्ती वाढवू शकतात. आधी मनोविकारतज्ज्ञाने औषधाची मात्रा बसवायची, मग पहिले काही दिवस कोणी सोबत बसून छोटी सत्रे घ्यायची.