कौटुंबिक व्यक्तिचित्रे, कृष्णधवल : डार्करूम छपाई

घरातील माणसांची छायाचित्रे कृष्णधवल फिल्मवर घेऊन त्यांच्या प्रती डार्करूममध्ये हाताने छापण्याची पद्धत. तिचा पाया निगेटिव्ह-पॉझिटिव्ह प्रक्रियेत (उलट छटांच्या निगेटिव्हवरून सरळ छटांच्या प्रती छापण्याच्या पद्धतीत) असून या प्रक्रियेचे जनकत्व सामान्यतः विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाकडे दिले जाते.

सप्टेंबर १८४० मध्ये टॅल्बट यांना असे आढळले की, सिल्व्हर आयोडाइडच्या कागदावर थोडाच वेळ प्रकाश पडल्यास डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण गॅलिक अम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या द्रावणाने त्यावरील सुप्त (न दिसणारी) प्रतिमा प्रकट होते. त्यामुळे तासाभराचे काम काही मिनिटांवर आले आणि जिवंत माणसाला कॅमेऱ्यापुढे बसवणे शक्य झाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी पत्नी कॉन्स्टन्स यांचे छायाचित्र घेतले. निगेटिव्हवरून छापलेल्या कौटुंबिक व्यक्तिचित्रांचा आरंभ साधारणपणे येथून मानण्यास हरकत नाही. १८४१ मध्ये टॅल्बट यांनी या प्रक्रियेचे एकस्व (पेटंट) घेतले. तथापि गॅलिक अम्लाचा वापर जोसेफ बँक्रॉफ्ट रीड या धर्मोपदेशकाने आधीच केला होता, असा दावा १८५४ च्या टॅल्बट विरुद्ध लारोश या खटल्यात पुढे आला. ज्यूरीने टॅल्बट यांनाच मूळ संशोधक मानले, मात्र प्रतिवादी छायाचित्रकार लारोश यांच्या कलोडियन पद्धतीने (कलोडियन या चिकट द्रावणाचा थर दिलेल्या काचेवर छायाचित्र घेण्याच्या पद्धतीने) एकस्वाचा भंग होत नाही, असा निर्णय दिला. रीड यांचे कथन घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी नोंदले गेले असल्याने टॅल्बट यांचा अग्रक्रमच अधिक ग्राह्य वाटतो.

आजच्या छपाईचा जिलेटिन-ब्रोमाइड कागद (जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळून त्याचा थर दिलेला कागद) १८७० च्या दशकात पुढे आला.

छपाईत सर्वाधिक कस लागतो तो चेहऱ्याच्या छटेत. केवळ निळा-हिरवा प्रकाश टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर ओठ आणि त्वचेवरील लालसर डाग गडद उमटतात; सर्व रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर ते सौम्य येतात. एन्लार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) प्रथम टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळा प्रकाश देऊन पाहण्याची कागदाची चाचणी-पट्टी) काढावी लागते, आणि ती पार्श्वभूमीवर न ठेवता गालावर व कपाळावर ठेवणे चांगले, कारण पाहणाऱ्याची नजर तेथेच जाते. आजीच्या खोल गेलेल्या डोळ्यांभोवती सावली दाटली असेल, तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची लहान चकती काही सेकंद त्या भागावर हलवत ठेवतात, म्हणजे तेथे प्रकाश कमी पडून तो भाग उजळ येतो. ती स्थिर राहिली, तर तिची कडा कागदावर उमटते. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये चेहरा हळूहळू उमटताना पाहिला की प्रत लवकर बाहेर काढण्याचा मोह होतो, पण विकसन पूर्ण होऊ द्यावेच लागते. शिवाय फायबर कागदावरील (प्लॅस्टिकचा थर नसलेल्या कागदावरील) प्रत वाळल्यावर किंचित गडद होत असल्याने ओली प्रत थोडी फिकी ठेवणे इष्ट.

प्रतिमा पक्की करण्यासाठी वापरलेले हायपो हे रसायन नीट धुऊन न निघाल्यास उरलेला गंधकयुक्त अंश कालांतराने चांदीशी संयोग पावतो आणि प्रतीतील चेहरे पिवळसर-तपकिरी होऊ लागतात. म्हणून फायबर कागद वाहत्या पाण्यात तासभर धुण्याची प्रथा आहे.