चॅट्सवर्थचे ड्यूक स्वतःच्याच घरात भाडेकरू कसे झाले

नोव्हेंबर 1950 मध्ये इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या प्रचंड घराचे मालक, दहावे ड्यूक ऑफ डेव्हनशायर, लाकडं फोडता फोडता कोसळले आणि गेले. वय अवघं 55. इस्टेट पुढच्या पिढीकडे वळवण्याची व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. मालमत्ता दिल्यानंतर देणारा पाच वर्षं जगला, तर तिच्यावर मृत्युकर लागत नाही, असा तेव्हाचा ब्रिटिश कायदा होता. पाच वर्षं पुरी व्हायला 14 आठवडे कमी पडले. त्यामुळे 80 टक्के कर बसला.

हा डोंगर ज्यांच्या डोक्यावर आला ते त्यांचे धाकटे चिरंजीव अँड्र्यू कॅव्हेंडिश 30 वर्षांचे होते आणि खरं तर वारस नव्हतेच. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे जॉन केनेडींच्या बहिणीचे पती, 1944 मध्ये बेल्जियममधल्या लढाईत मारले गेले होते. आपल्याकडच्या वाड्यांच्या वाटण्या होतात, दोन-तीन पिढ्यांत एकेका भावाच्या वाट्याला एकेक चौक येतो. तिकडे पदवी, जमीन आणि घर सगळं थोरल्याच्या हाती जातं. म्हणूनच ही प्रचंड घरं शतकानुशतकं अखंड राहिली. पण त्यामुळेच सरकारला कर वसूल करायचा झाला तर सगळं एकाच ठिकाणी सापडायचं.

चॅट्सवर्थ आहे डर्बीशायरमध्ये, डरवेंट नदीच्या काठी. (डेव्हनशायरचे ड्यूक डर्बीशायरमध्ये काय करतात, असं विचारू नये. तिकडे पदवीतल्या गावाचा आणि जमिनीचा संबंध असतोच असं नाही.) ही जागा 1549 मध्ये 600 पौंडांना घेतली गेली. घेणारे सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा त्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी हे एक, आणि त्या कामात त्यांनी स्वतःचंही भलं करून घेतलं होतं. मात्र सफोकमधल्या जमिनी विकून डर्बीशायरला यायचं, हा हट्ट त्यांच्या बायकोचा. ही बेस ऑफ हार्डविक. तिची लग्नं चार झाली आणि दर लग्नागणिक ती अधिक श्रीमंत होत गेली. तिचा चौथा नवरा स्कॉटलंडच्या राणी मेरीचा पहारेकरी होता, त्यामुळे कैदेतली ही राणीही अधूनमधून चॅट्सवर्थला मुक्कामाला असायची.

बेसचं घर आज दिसत नाही. तिच्या वंशजाने, चौथ्या अर्लने (अर्ल म्हणजे ड्यूकहून खालची पदवी), 1687 मध्ये फक्त दक्षिणेची बाजू नव्याने बांधायला घेतली आणि मग त्याला राहवेना. 1707 मध्ये तो वारला तोवर चारही बाजू बदलून झाल्या होत्या. मधल्या काळात हॉलंडच्या विल्यम ऑफ ऑरेंजला इंग्लंडच्या गादीवर बसवण्यात हात असल्याबद्दल 1694 मध्ये ड्यूक ही पदवीही मिळाली. खिडक्यांच्या चौकटींना बाहेरून सोन्याचा मुलामा देण्याची हौस त्याचीच. पुढे चौथ्या ड्यूकने केपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकाराकडून भोवतालच्या टेकड्या आणि नदीकाठ ‘नैसर्गिक’ करून घेतला. त्यासाठी किती माती इकडची तिकडे झाली हे पाहिलं, तर या नैसर्गिकपणाचं हसू येतं.

पण चॅट्सवर्थचा खरा बहराचा काळ सहाव्या ड्यूकचा. हा अविवाहित, हौशी आणि उधळा. 1826 मध्ये त्याने जोसेफ पॅक्स्टन नावाच्या विशीतल्या पोराला मुख्य माळी नेमलं. रशियाचा झार निकोलस येणार असं कळल्यावर पॅक्स्टनने वरच्या माळावर आठ एकरांचं तळं खणलं, रात्री मशालींच्या उजेडातही काम चालू ठेवून सहा महिन्यांत पुरं केलं, आणि नुसत्या उताराच्या जोरावर 296 फूट उडू शकणारं कारंजं 1844 मध्ये सुरू केलं. झार काही आला नाही. तळं मात्र वाया गेलं नाही. 1893 मध्ये त्याच पाण्यावर घरासाठी वीज तयार होऊ लागली आणि 1988 मध्ये तिथे नवं टर्बाइन बसलं.

पॅक्स्टनने 277 फूट लांबीचं काचघर बांधलं. त्यातून बग्गी जायची. 1843 मध्ये व्हिक्टोरिया राणी त्यातून फिरली. पुढे लंडनला क्रिस्टल पॅलेस ही अवाढव्य काचेची इमारत उभारताना कामी आलेला अनुभव त्याला इथेच मिळाला. झाडं आणण्यासाठी 1835 मध्ये जॉन गिब्सन हा माळी कलकत्त्याला पाठवला गेला. तो खासी टेकड्यांतली ऑर्किडं घेऊन परतला, आणि ज्याला आपण उर्वशी म्हणतो तो अ‍ॅम्हर्स्टिया वृक्षही. त्याच सुमारास पॅक्स्टनने मॉरिशसहून इंग्लंडात आलेली एक बुटकी केळ मिळवली, उबेत वाढवली आणि फळाला आणली. तिला मालकाच्या घराण्याचं नाव मिळालं: कॅव्हेंडिश. जळगावची बसराई आणि आता सगळीकडे झालेली ग्रँड नैन या त्याच गटातल्या. रावेर-यावलच्या शिवारात घडाला चॅट्सवर्थच्या मालकांचं आडनाव चिकटलेलं आहे, हे कापणी करणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही.

मग उतरती कळा. 1870 नंतर अमेरिकेतलं स्वस्त धान्य येऊ लागलं, खंड देणारी कुळं अडचणीत आली आणि जमिनीवर पोसलेली घरं खंगली. 1894 मध्ये मृत्युकराची नवी पद्धत आली. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, काचघरातली झाडं गारठून मेली आणि 1920 मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. त्याच वर्षी लंडनचं डेव्हनशायर हाउसही विकलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात मुलींची एक निवासी शाळा चॅट्सवर्थमध्ये राहायला आली. फौज घुसण्यापेक्षा मुली बऱ्या, हा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. सैन्याने वापरलेल्या कितीतरी घरांचे पुढे फक्त दगड उरले. विसाव्या शतकात इंग्लंडमधली अशी हजारावर घरं पाडली गेली.

अँड्र्यूंनी घर न पाडता बाकीचं विकलं. स्कॉटलंडमधल्या जमिनी गेल्या, रेम्ब्रांटचं चित्र गेलं, होल्बाइनने काढलेला आठवा हेन्री गेला. बेसने म्हातारपणी बांधलेला हार्डविक हॉलही करापोटी सरकारला देऊन टाकला. तो आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. कराचा हिशेब मिटायला 17 वर्षं लागली.

माझ्या मते अँड्र्यूंची खरी हुशारी 1981 ची. काही कलाकृती विकून त्यांनी एक धर्मादाय ट्रस्ट उभा केला आणि घर, बाग आणि भोवतीचं रान वर्षाला एक पौंड भाड्याने 99 वर्षांसाठी त्याच्या हवाली केलं. विश्वस्तांमध्ये बहुमत घराण्याबाहेरच्यांचं. कुटुंब ज्या खोल्यांत राहतं, त्यांचं बाजारभावाने भाडं ट्रस्टला देतं. याला कोणी करातून काढलेली पळवाट म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण तिकिटाचा पैसा घरातच खर्च होतो हेही तितकंच खरं. 2018 मध्ये संपलेल्या दुरुस्तीला दहा वर्षं आणि 3 कोटी 20 लाख पौंड लागले. खिडक्यांच्या चौकटी पुन्हा सोनेरी झाल्या त्या तेव्हाच.

बाकीचा गाडा अँड्र्यूंच्या पत्नी डेबोरा यांनी ओढायला सुरुवात केली. दूध बाटलीतून येत नाही हे शहरी मुलांना कळावं म्हणून 1973 मध्ये गोठा उघडला, 1977 मध्ये इस्टेटीतलं मांस आणि भाजीपाला विकणारं दुकान काढलं. दोन्ही अजून चालतात. जोडीला चित्रीकरणं, हॉटेलं आणि नाताळची सजावट. हिवाळ्यात घर बंद असतं तेव्हा झुंबरं, पुस्तकं, पडदे यांची साफसफाई चालते. संगीताच्या दालनात अर्धवट उघड्या दारामागे चंदेरी खुंटीवर एक व्हायोलिन टांगलेलं दिसतं. जवळ गेलं की कळतं, व्हायोलिन, तार आणि खुंटीची सावलीसुद्धा रंगवलेली आहे. तीनशे वर्षांचं हे चित्र पाहायला बोट पुढे येतंच. पाहुण्यांचे असे मोह आवरत दिवसभर दालनात उभं राहणं हेही इथलं एक काम आहे.

बेसच्या काळातलं एक ठळक बांधकाम आवारात अजून उरलं आहे: टेकडीवरचा शिकारीचा मनोरा. वर चढून बायका शिकार पाहायच्या. इस्टेट तो आता सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने देते.