पर्णपाद ढेकणाचे पिल्लू

कोरिडी कुळातल्या ज्या ढेकणांच्या मागच्या पायांची नडगी पानासारखी पसरट असते, त्यांची अप्रौढ अवस्था. घरातल्या ढेकणाचाच अर्धपंखी गण. पण हे झाडांचा रस शोषतात, रक्त नव्हे. ओळखायला अवघड अशासाठी, की ज्या ‘पाना’वरून नाव पडले ते कोवळ्या पिल्लाला नसतेच. कोषावस्था नसल्यामुळे पिल्लू पाच वेळा कात टाकून थेट प्रौढ होते. नडगीचा पसरटपणा आणि पाठीवरचे पंखांचे कोंब पुढच्या अवस्थांत दिसू लागतात.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत टोमॅटो, डाळिंब, लिंबूवर्गीय फळे यांवर आढळणारा लेप्टोग्लॉसस फायलोपस (लिनीयसने १७६७ मध्ये वर्णिलेला) हे नेहमीचे उदाहरण. त्याची पिल्ले भडक नारिंगी, पाय काळे, आणि फळावर घोळक्याने बसलेली. नेमकी अशीच नारिंगी पिल्ले तिथल्या झेलस लाँगिपेस या परभक्षी ढेकणाचीही असतात. तो इतर किडी खातो, म्हणजे बागेच्या उपयोगाचा. रंग पाहून मारला जातो, हे वाईट. घोळक्यावरूनही निर्णय करू नये, कारण नुकती उबलेली परभक्षी पिल्लेही काही काळ एकत्र असतात.

खरी खूण सोंडेत आहे. पिल्लू काचेच्या बाटलीत घेऊन खालून पाहावे. रस शोषणाऱ्याची सोंड लांब, सरळ, चार खंडांची असून पायांच्या मधोमध पोटाला लागून पडलेली असते. परभक्ष्याची आखूड, जाड, बाकदार आणि तीन खंडांची. बोटात मात्र धरू नये, परभक्षी ढेकणाचा दंश फार झोंबतो. जवळपास अंडी सापडली तर शंका उरत नाही: पर्णपादाची अंडी देठावर किंवा पानाच्या शिरेवर माळेसारखी एका ओळीत असतात, झेलसची उभी, एकमेकांना चिकटलेल्या झुबक्यात.

भारतात लेप्टोग्लॉससची एक जात भोपळावर्गीय वेलींवर येते. तुरीच्या शेंगा शोषणारा क्लाविग्राला गिबोसा हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा ढेकूणही कोरिडी कुळातलाच. त्याच्या मागच्या मांड्या फुगीर व काटेरी असतात, पण प्रौढ झाल्यावरही पायाला पान येत नाही.